रिकाम्या खोलीतलं नाक

बाईंनी ती खोली सुचवली तेव्हा त्यांच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. मुलांनी विचारलं, "बाई, अख्ख्या शाळेत जिथे कुणीच नसतं अशी एक खोली सांगा ना," आणि त्या चटकन बोलून गेल्या, "प्रयोगशाळा. ती बंदच असते."

वर्गाला लागून असलेली ही प्रयोगशाळा बंद असते हे खरं. पण रोज मधल्या सुट्टीत पर्समधून तिची किल्ली काढून, व्हरांड्यात कुणी नाही ना हे बघून, हळूच आत जाऊन बसणारं एक माणूस होतं आणि ते माणूस म्हणजे स्वतः बाई. खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. तिथे कुणी नसतं असं त्यांना मनापासून वाटत होतं. स्वतःला माणसांत धरायचं त्या विसरल्या, एवढंच.

बाई मुळात भाषेच्या. विज्ञान शिकवायचा तो त्यांचा थोरला भाऊ, याच शाळेत, याच मुलांना. मुलं त्याला सर म्हणायची आणि बाई दादा. वर्गाचा शेवटचा तास त्याने शाळेशी भांडून मागून घेतला होता आणि त्याला नाव दिलं होतं शोधतास. या तासाला मास्तरने उत्तर द्यायचं नाही. भिंतीवर मोठा पडदा, प्रत्येक मुलाच्या हातात एक टॅबलेट, आणि पडद्यावर तीन रकाने: पाहिलं, ऐकलं, वाटलं. जे काही म्हणायचं ते मुलांनी आधी कोणत्या रकान्यात बसतं ते ठरवून लिहायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं, 'कशावरून?' मग वर्गात जो गलका व्हायचा तो ऐकून शेजारच्या वर्गावरचे शिक्षक दार लावून घ्यायचे.

गेल्या सत्रात दादा गेला. आजारपण नाही, निरोप नाही. सकाळी माणूस होतं, दुपारी नव्हतं. शाळेने शोधतास बंद करायचं ठरवलं तेव्हा बाई, ज्या कधी कुठे तोंड उघडत नाहीत, त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मी घेते." विज्ञानातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण मुलांना ते पहिल्याच दिवशी कळलं आणि त्यामुळे एक बरं झालं. बाई उत्तर देतील ही भीतीच उरली नाही.

या सत्रात मुलांनी हवेचा प्रश्न घेतला होता. दुपारनंतर आपल्याला झोप का येते, इथून सुरुवात झाली आणि वाद घालत घालत गाडी बंद खोलीतल्या उच्छ्वासावर आली. माणूस जी हवा बाहेर टाकतो ती किती साठली हे मोजणाऱ्या छोट्या डब्या मुलांनी जोडून तयार केल्या. डबीला एक बारीक हिरवा दिवा आणि ती मोजेल ते थेट वर्गाच्या पडद्यावर रेषेसारखं उमटायचं. पोपटाने त्यांना नाव दिलं 'नाकं'. मुलांनी पडद्यावर लिहिण्यासाठी स्वतःच टोपणनावं घेतली होती, त्यातला हा पोपट, सदा टिवटिव करणारा. एक नाक आपल्या वर्गात, एक ग्रंथालयात, एक जिन्याखाली. आणि तुलनेसाठी एक अशा खोलीत, जिथे कुणीच श्वास घेत नाही.

ते नाक बाईंनी स्वतःच्या हाताने दादाच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर चार रेषा आल्या. रिकाम्या खोलीची रेष सकाळभर जमिनीवर पडलेल्या दोरीसारखी सपाट होती. मधल्या सुट्टीत ती उठली होती. चांगला उंचवटा आला होता आणि मग हळूहळू उतरला होता.

"नाक बिघडलंय," कुणीतरी म्हणालं.

"कशावरून?" वकील उठली. ही मुलगी वादात ऐकायची नाही म्हणून वकील. "काल वर्गात ठेवलं होतं तेव्हा आपल्या नाकाइतकंच दाखवत होतं. बिघडलेलं नाही. तिथे कुणीतरी श्वास घेतंय."

"कुलूप आहे की तिथे."

"म्हणून तर!" पोपट बाकावर चढला. "कुलूपबंद खोली, आत कुणी नाही, आणि श्वास चालू. काय ते समजून घ्या."

"खाली उतर आणि 'वाटलं'मध्ये लिही," वकील म्हणाली. "भूत 'पाहिलं'मध्ये बसत नाही."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण त्यांचे कान तापले होते. मी होते रे तिथे, एवढं म्हणायचं होतं. पण मग मुलं विचारणार, कशाला? आणि रकाना कुठला? दादाच्या स्टुलासमोरच्या स्टुलावर बसून मी डबा खाते, त्याचा पांढरा कोट खुंटीला आहे तो बघते, आणि दादाशी बोलते. मोठ्याने बोलते. तास कसा झाला ते सांगते. हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्या म्हणाल्या, "अजून काही दिवस बघू या." मुलांना वाटलं, बाई काय शास्त्रशुद्ध बोलल्या!

मुलांनी काही दिवस बघितलं. बाईंनी दोन दिवस मधली सुट्टी शिक्षकांच्या खोलीत काढली, मग राहवेना, पुन्हा जाऊ लागल्या. उंचवटा दोन दिवस गेला आणि पुन्हा आला. मुलं त्याला 'सुट्टीवाला' म्हणू लागली, जणू ओळखीतलंच कुणी.

आणि मग एका दुपारी वकीलने बोट दाखवलं. "बाई, हा दुसरा कोण?"

आदल्या दिवशी मधल्या सुट्टीचा उंचवटा उतरून गेल्यावर, दिवसाच्या अगदी शेवटी, रेष पुन्हा उचलली होती. लहानसाच उंचवटा, दबकत आल्यासारखा.

बाईंनी वेळ बघितली. शेवटचा तास. शोधतास. त्या वेळी त्या स्वतः इथे, या मुलांसमोर उभ्या होत्या. किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती आणि दुसरी किल्ली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत त्या प्रयोगशाळेत गेल्या त्या डबा न घेताच. खोलीत तशी रोजचीच शांतता होती. टेबलावर उपड्या ठेवलेल्या काचेच्या नळ्या, फळ्यावर दादाच्या अक्षरातलं अर्धवट पुसलेलं एक वाक्य, खुंटीला कोट. बाहेर दोन-चार दिवसांपासून रस्ता खणायचं काम चाललं होतं, त्याने काचा बारीक थरथरत होत्या. कोटाची बाही हलल्यासारखी वाटली. ती काचांमुळे, असं बाईंनी स्वतःला सांगितलं आणि मग स्वतःलाच विचारलं, कशावरून?

"दादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शेवटच्या तासाला येतोस का रे?"

नाकाचा हिरवा दिवा लुकलुकत होता, तो तसाच लुकलुकत राहिला.

बाई भित्र्या होत्या, पण भोळ्या नव्हत्या. शोधतास घेऊन घेऊन त्यांनाही सवय लागली होती. एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. त्यांनी एक दिवस मुलांना चर्चा करू दिली नाही, नुसतं लिहायला बसवलं. खिडक्या उघड्या, पानांची सळसळ, कुणी बोलत नाही. त्या दिवशी दुसरा उंचवटा आला नाही. पुढच्या दिवशी पुन्हा चर्चा ठेवली. बाहेरच्या खडखडाटात काही ऐकू येईना म्हणून मुलांनी नेहमीसारख्या खिडक्या लावून घेतल्या, दारही लोटलं आणि असा कडाडून वाद घातला की बाईंचं डोकं दुखायला लागलं. त्या दिवशी उंचवटा आला. पुन्हा लिहायला बसवलं. नाही आला. पुन्हा चर्चा. आला.

दादा चर्चा ऐकायला येतो.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. पण त्या दिवसांत त्या घरी जाताना गुणगुणायच्या, भाजी निवडताना थांबून हसायच्या. इतके महिने त्या एकतर्फी बोलत होत्या. आता पलीकडून हुंकार आल्यासारखा झाला होता. चर्चा रंगावी म्हणून त्या घरून प्रश्न शोधून आणू लागल्या आणि वर्गात बोलताना त्यांचा आवाजही जरा वर चढायचा, शेजारच्या खोलीत पोचावा असा.

मुलं मात्र स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हती. सुट्टीवाला आणि शेवटच्या तासाचा एकच की वेगवेगळे, यावर वर्गात दोन तट पडले होते. एका सकाळी त्यांनी एक उद्योग केला. खडूची पूड करून ती पुठ्ठ्यावर घेतली आणि प्रयोगशाळेच्या दाराखालच्या फटीतून फुंकून आत पसरली. बाईंना सांगितलं नाही. पोपटाचं म्हणणं असं की बाईंना काही सांगितलं की ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, भूत सावध होईल.

सुट्टीत बाई नेहमीसारख्या गेल्या, नेहमीसारख्या आल्या. जमिनीकडे बघायचं त्यांना काय कारण!

शोधतासाला वर्ग आपापसांत भांडण्यात गुंग होता. बाई पडद्याकडे तोंड करून उभ्या होत्या, तेवढ्यात 'पाहिलं'च्या रकान्यात एक ओळ उमटली: 'बाईंच्या चपलेच्या टाचांना पांढरी पूड लागली आहे.' खाली नाव होतं गोगलगाय. ही मुलगी वर्गात कधी बोलायची नाही, लिहायचीही क्वचित. बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. मग तिने मान खाली घातली, टॅबलेटवर बोट फिरवलं, आणि ओळ गेली. तिच्या जागी फिकट अक्षरं राहिली: 'हे विधान मागे घेतलं आहे.'

या एकाच गोष्टीवरून दादा या टॅबलेटांवर चिडायचा. "धाकटे," तो म्हणायचा, "वहीत खोडलं तरी खाली दिसतं. यात पार नाहीसं होतं. चुकलेलं मागे घ्यावं, त्याला ना नाही. पण एखादं पोर बरोबर पाहिलेलं मागे घ्यायला लागलं ना, की समजायचं, मास्तर नापास."

त्या पोरीने बरोबर पाहिलं होतं. आणि बाईंची अब्रू जाऊ नये म्हणून ते पुसलं होतं.

बाईंना वाटलं, आत्ता बोललं नाही तर आजचा तास संपेल, उद्याचाही संपेल, आणि ही मुलगी जन्मभर बघितलेलं पुसत राहील. आणि बोललं तर? बोललं की खोली गेली. मुलं आता दुसऱ्या उंचवट्याच्या मागे लागतील, उकरून काढतील, आणि त्याचंही काहीतरी साधंसं निघेल. तो साधा निघू नये एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी वेळ लावला. मग स्वतःचा टॅबलेट उचलला आणि 'पाहिलं'मध्ये लिहिलं: 'मधल्या सुट्टीत त्या खोलीत मी असते. सरांच्या टेबलापाशी बसून मी त्यांच्याशी बोलते. गोगलगायीने पाहिलं ते बरोबर आहे.'

वर्गातला आवाज एकेका बाकावरून विझत गेला. बाईंना वाटलं, आता हसतील.

"बाई," वकील म्हणाली, "आम्हाला माहीत होतं. म्हणजे, पुडीचं सगळ्यांनी बघितलं. पण 'पाहिलं'मध्ये टाकायचं कुणाच्यानं होईना."

"मला नव्हतं माहीत," पोपट म्हणाला. "मला कुणी काही सांगतच नाही."

"तुला सांगितलं तर अख्ख्या शाळेला सांगितल्यासारखंच."

आता हसले सगळे, आणि बाईंना त्यात आपलंही हसू ऐकू आलं. पण वकील बसली नव्हती. "म्हणजे सुट्टीवाला सुटला. मग शेवटच्या तासाला कोण? तेव्हा तर तुम्ही इथे असता."

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. आणि मग, कारण आता अर्धं सांगून थांबता येत नव्हतं, त्यांनी 'वाटलं'च्या रकान्याकडे बोट केलं. "मला वाटतं... तुमच्या चर्चेच्या दिवशीच तो येतो. लिहायच्या दिवशी येत नाही. मी बघितलंय करून."

कुणी हसलं नाही. कुणी 'कशावरून' म्हटलं नाही. मग गोगलगायीने हात वर केला. तिचा आवाज ऐकायला सगळ्यांना पुढे झुकावं लागलं.

"चर्चेच्या दिवशी आपण खिडक्या लावतो."

तिने आपल्या वर्गाची रेष आणि त्या खोलीची रेष पडद्यावर एकावर एक ठेवली. वर्गाचा उंचवटा मोठा, खोलीचा छोटा. वर्गाचा आधी, खोलीचा जरा मागाहून. मोठ्या माणसामागून लहान मूल चालावं तसा.

"आपलाच श्वास तिकडे जातोय," वकील पुटपुटली. "पण भिंतीतून?"

शिपाईमामांना बोलावलं. त्यांनी पडदा कडेने अलगद पुढे ओढला. मागे भिंतीत एक छोटी खिडकी निघाली, लाकडी दाराची. एका खोलीतून दुसरीत सामान द्यायला कधी काळी केलेली. दार अर्धवट उघडं होतं आणि त्यातून पडद्याची वायर पलीकडे गेली होती.

"ती होय," शिपाईमामा म्हणाले. "सरांनीच ठेवायला लावली होती उघडी. म्हणाले, वायरीला जागा हवी. वायरीला कसली! चर्चा रंगली की ते 'मी जरा येतो' म्हणून जायचे ना, ते तिथेच बसायचे. स्टूल ओढून, खिडकीला कान लावून. मी चहा घेऊन गेलो की मला गप्प बसायची खूण करायचे."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. सर 'मी जरा येतो' म्हणून जायचे हे सगळ्यांना आठवत होतं. ते गेल्यावर आपण जास्त मोकळं बोलायचो, हेही.

खिडकीतून पलीकडचा अंधार दिसत होता आणि त्यात एक हिरवा ठिपका.

"खात्री करायला हवी," वकील म्हणाली, आणि मग तिलाच ते कसंसं वाटलं असावं. "म्हणजे, बाई, तुम्ही हो म्हणालात तर."

"करू या," बाई म्हणाल्या.

पुठ्ठा त्यांनी स्वतः कापला. खिडकीच्या मापाचा, वायरीपुरती खाच ठेवून, आणि कडेने चिकटपट्टी लावली. पट्टी सारखी वेडीवाकडी बसत होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या प्रयोगशाळेकडे फिरकल्या नाहीत. शेवटच्या तासाला मुलांनी खिडक्या लावल्या आणि ती मुद्दाम पोटतिडकीने भांडली. कशावर, ते कुणालाच नंतर आठवेना. वर्गाची रेष चढत गेली. खोलीची रेष खाली पडून राहिली. तास संपत आला तरी तिने मान वर केली नाही.

टाळ्या वाजायला हव्या होत्या. इतके दिवस पाठपुरावा करून मुलांनी प्रश्न सोडवला होता आणि तोही कुणी उत्तर न देता. पण कुणी टाळी वाजवली नाही. पोपटाने 'पाहिलं'मध्ये लिहिलं: 'मधली खिडकी बंद केली, रेष वर गेली नाही.' आणि पुढे काहीतरी गमतीचं लिहायला गेला, थांबला.

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. दादा त्यांना एकदा सोडून गेला होता, अचानक, कुणाला न विचारता. या वेळी पुठ्ठा त्यांनी स्वतः कापला होता.

"बाई," गोगलगाय म्हणाली, "पुठ्ठा काढू?"

"का गं?"

"प्रयोग झाला ना."

तिने उत्तराची वाट बघितली नाही. खुर्ची ओढून, पडद्यामागे हात घालून तिने पट्टी ओढली. चर्रर आवाज झाला. वकील जाऊन पुठ्ठा धरू लागली. मग कुणीतरी म्हणालं, पण बाई, एकटाच माणूस असला तर उंचवटा इतका मोठा, दोघं असली तर दुप्पट येईल का? आणि त्यावर दुसरं कुणीतरी म्हणालं, दुप्पट कशावरून, आणि गाडी पुन्हा सुरू झाली. आवाज वाढत गेला. बाईंकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

"मी जरा येते," बाई म्हणाल्या.

किल्ली फिरवून त्या आत गेल्या. या वेळी त्यांनी आपलं स्टूल घेतलं नाही. दादाचं घेतलं, भिंतीपाशी नेलं आणि खिडकीखाली बसल्या. मुलांचे आवाज असे येत होते की जणू त्यांच्याच अंगातून. पोपट कुणाला तरी चिडवत होता. वकील आकडे सांगत होती. कुणीतरी म्हणालं, "थांब, थांब, तिचं पूर्ण होऊ दे," आणि मग गोगलगायीचा आवाज, तिला इतकं बोलताना बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. आपण समोर असतो तर ती बोलली नसती. बाईंना दादाचं सारखं 'मी जरा येतो' आता कळलं.

बराच वेळ त्या तशाच बसल्या. कोट खुंटीला होता. डबीचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"अरे, अरे, बघा!" पलीकडून पोपट ओरडला. "खोलीची रेष चढली. केवढी चढली!"

"आपला श्वास जातोय, पुठ्ठा काढलाय ना."

"आपल्या श्वासाने एवढी चढत नाही. मागच्या रेषा काढ. तिथे कुणीतरी आहे."

"बाई असतील," वकील म्हणाली. "दुसरं कोण असणार!"

रस्त्यावरचं खणकाम थांबलं होतं. आणि त्या शांततेत, खिडकीच्या अगदी जवळून, गोगलगायीचा बारीक आवाज आला:

"एकट्या बाईच? कशावरून?"

बाईंनी श्वास रोखून धरला. समोरचं रिकामं स्टूल बघत त्या तशाच बसून राहिल्या. उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं. या तासाला तसा नियमच होता.